लाल गाडीच्या चार रेघा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी शकुंतला तायडेबाईंचं नाव सांगतो. तेल्हाऱ्याच्या आमच्या शाळेत बाई गणित शिकवायच्या. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. इंजिनियरिंगला जायचं असतं हे मला बाईंनी सांगितलं. अर्ज त्यांनी भरला. अमरावतीच्या वसतिगृहापर्यंत त्या एसटीने माझ्यासोबत आल्या, आणि रेक्टरसाहेबांना म्हणाल्या, "हा पोरगा लाजाळू आहे. उपाशी राहील, पण सांगणार नाही. तुम्हीच लक्ष ठेवा." मग लगेच परतीच्या गाडीने निघून गेल्या, कारण दुसऱ्या दिवशी सहावीची चाचणी होती.

आयुष्यात काही मोठं घडलं की मी बाईंना पत्र लिहितो. माझ्याकडे मोबाईल आहे, बाईंकडेही आहे. पण त्या म्हणतात, "फोनवर तू नुसता हो हो करतोस." या प्रवासानंतरही मी पत्र लिहिलं. ते शेवटी दिलं आहे. गाडी विकत घ्यायला वऱ्हाडात फिरायचा योग ज्यांना आलेला नाही, त्यांच्यासाठी आधी प्रवास.

नांदगाव खंडेश्वरहून निघताना, सोमवार

नांदगाव खंडेश्वरच्या पुढे, रस्त्याला लागून, आमचं तंत्रनिकेतन आहे. मी तिथे ऑटोमोबाईल शिकवतो. पाच वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास शिकवलं तितक्यांचा पगार. उन्हाळ्यात तास नाहीत, म्हणून उन्हाळ्यात पगारही नाही. संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब. एका मोठ्या समितीच्या स्वागताला जाण्यासाठी त्यांना गाडी हवी होती.

त्या वर्षांत शेतकऱ्यांचे हाल बघायला आमच्या भागात पिकांपेक्षा समित्या जास्त आल्या. एक समिती कापसाकडे बघून जायची, तर दुसरी तिच्या मागोमाग येऊन त्याच धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहून तेच प्रश्न विचारायची. लोक इतके सरावले की पांढरी गाडी दिसली की कुणीतरी घरातून खुर्च्या आणायचंच. आता जी समिती यायची होती ती सगळ्यांत मोठी होती, आणि तिला गावं दाखवण्याचं काम दादासाहेबांकडे आलं होतं.

"सर, मी जीप घेऊन गेलो ना, तर मीच संकटग्रस्त दिसतो," दादासाहेब मला म्हणाले. "मले स्पोर्ट्स सेडान पाह्यजे. महागातली. नवी नाई, वापरलेली चालन. पण लोकायनं पाह्यलं पाह्यजे."

गाडी संस्थेच्या पैशाने घ्यायची होती. संस्थेला अध्यक्षांसाठी आलिशान गाडी घेता येत नाही, पण तंत्रनिकेतनाला प्रयोगशाळेचं साहित्य घेता येतं. तेव्हा कागदोपत्री ती गाडी ऑटोमोबाईलच्या विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी येणार होती, आणि तशी ती योग्य आहे असा अहवाल विषयाच्या शिक्षकाने द्यायचा होता. विषयाचा शिक्षक मी. दादासाहेबांनी फाईल उघडून मला एक टाईप केलेला कागद दाखवला. माझ्या कायम नेमणुकीचा आदेश. नाव बरोबर, पद बरोबर, खाली सहीची जागा मोकळी.

"गाडी पसंत करा, रिपोर्ट लिहा, की मी इथं सही ठोकतो," ते म्हणाले, आणि फाईल जीपच्या डॅशबोर्डवर ठेवली. ती दोन दिवस तिथेच माझ्यासमोर होती. जीप खड्ड्यात आपटली की ती उडायची, आणि मी दोन्ही हातांनी तिला धरायचो.

जीप चालवत होता गजू. वय चाळीस, दोन मुली. दादासाहेबांकडे बारा वर्षांपासून ड्रायव्हर. नवी गाडीही त्यानेच चालवायची होती. मी माझ्याकडून पूर्ण तयारी केली होती. सायबर कॅफेत बसून जुनी गाडी तपासण्याची बेचाळीस मुद्द्यांची यादी छापून आणली होती. यादी परदेशातली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. तिसरा मुद्दा बर्फावर टाकायच्या मिठामुळे पत्रा गंजला आहे का, असा होता.

अकोला

मे महिन्यात अकोल्याला दुपारी फक्त दोन प्रकारची माणसं बाहेर दिसतात: ज्यांना पोटासाठी निघावंच लागतं ती, आणि गाडी विकत घ्यायला आलेली. आम्ही आधी एका टपरीवर कढीत बुडवलेला आलूबोंडा खाल्ला. तेल्हाऱ्याला आम्ही आलूबोंडा कोरडा खातो, वर मिरची. अकोलेकर त्याला कढीत पोहायला सोडतात आणि त्याचा अभिमान बाळगतात. मला आवडला. दादासाहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यालाही आवडला असावा, त्याने बराचसा घेतला.

गाडी एका दातांच्या डॉक्टरांची होती. जर्मन, राखाडी, चार वर्षांची, आणि चालली इतकी कमी की मीटर बिघडला आहे असं मला वाटलं.

"मीटर ठीक आहे हो," डॉक्टर म्हणाले. "घर ते दवाखाना, एवढीच चालवतो. मध्ये सात गतिरोधक आहेत."

मला कळेना. मग त्यांनी डिकी उघडली. आत लाकडाच्या दोन जाड फळ्या होत्या. गाडीचं पोट जमिनीला इतकं जवळ की कोणताही गतिरोधक तिला अडवायचा. म्हणून प्रत्येक गतिरोधकापाशी डॉक्टर थांबायचे, कंपाउंडर उतरायचा, फळ्या लावायचा, गाडी चढायची, उतरायची, फळ्या परत डिकीत. सात वेळा जाताना, सात वेळा येताना.

"मग स्पोर्ट्स कशाला म्हणत असतील?" गजूने विचारलं.

"कंपाउंडरचा व्यायाम होतो," डॉक्टर म्हणाले. ते सज्जन होते. दोष स्वतःहून सांगत होते.

मी यादी घेऊन कामाला लागलो. इंजिन उत्तम, ब्रेक उत्तम. मग आम्ही ती चालवून बघायला निघालो. सतरावा मुद्दा होता, आसनं गरम करण्याची सोय चालते का. दादासाहेब पुढच्या आसनावर बसले होते. मी बटण दाबलं. सोय चालत होती. बंद मात्र होत नव्हती. बाहेर अकोल्याचा मे, खाली जर्मनीचा हिवाळा घालवणारं आसन, आणि गाडी दुसऱ्या गतिरोधकावर फळ्यांची वाट बघत उभी. फळ्या लावायला मी आणि गजू उतरलो होतो.

"सर!" आतून दादासाहेब ओरडले. "हे काय करून राहिले तुमी? माह्या बुडाले चटके बसून राह्यले ना!"

"सर, पैले फळी लावू का पैले साहेबायले काढू?" गजू शांतपणे म्हणाला.

तरीही मी सांगतो, ती गाडी चांगली होती. मी तसं म्हणालोही. पण दादासाहेब दूर उभे राहून तिच्याकडे बघत राहिले. "राखेचा रंग हाय. धुळीत उभी केली तर हायेच का नाई समजत नाई. समितीले काय हात लावून दाखवू?" डॉक्टरांनी आम्हाला थंड सरबत पाजलं आणि निरोप देताना दादासाहेबांचे दातही बघून दिले.

अचलपूर, मंगळवार

दुसरी गाडी परतवाड्याला होती. तिथे पोहोचण्याआधी आम्ही शेजारच्या अचलपुरात थांबलो. माझ्या यादीवरून दादासाहेबांचा विश्वास उडाला होता.

"तुमची यादी इंग्रजी हाय," ते म्हणाले. "नूरचाचाले घेऊ. त्यानं माह्या बापाले सात जोड्या घेऊन देल्ल्या. एकही खोडीची नाई निंगाली."

नूरचाचा बैलांचे दलाल. वय सत्तरच्या पुढे, खांद्यावर चौकटीचा रुमाल. स्पोर्ट्स सेडान निवडायला बैलांचा दलाल न्यायचा, यावर पुण्याचा माणूस हसेल. मीही मनात हसलो. इंजिनियर झालेल्या माणसाला तेवढा हक्क आहे, असं मला त्या सकाळी वाटत होतं.

चाचांच्या घरी आम्हाला ज्वारीची भाकर, भरीत आणि आमरस मिळाला. तेल्हाऱ्याला आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात. अचलपुरात विचारतच नाहीत, ताटात घालतात. जेवताना दादासाहेबांनी सहज विचारलं, "धंदा कसा काय चाचा?"

"धंदा क्या, दादा. बाजारात सगळे बैल विकाले येऊन राह्यले. घेणारा कोणी नाई. पेरणी तोंडावर आली, अन् बैल बाजारात." चाचांनी पाणी प्यायलं. "मी नुसता बसतो. हात घालाचं कामच नाई राह्यलं."

हात घालायचं म्हणजे काय, ते सांगतो. बैलबाजारात भाव बोलून ठरत नाही. दलाल आणि विकणारा दोघंही रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव करतात. पण चाचांच्या घराण्याची रीत याहून कडक. त्यांचा हात एकदा रुमालाखाली गेला की त्या जनावरासाठी ते जबाबदार. पुढच्या हंगामापर्यंत बैल लंगडला, बसला, मारकुटा निघाला तर घेणारा चाचांच्या दारात येऊ शकतो. म्हणून हात घालण्याआधी ते फार वेळ लावतात.

परतवाडा

गाडी एका रस्ते बांधणाऱ्या ठेकेदाराची होती. बोरखडे त्यांचं नाव. गावाबाहेर त्यांचं खडी फोडायचं यंत्र, आणि आवारभर बोटभर पांढरी भुकटी साचलेली. त्या पांढऱ्यात ती लाल गाडी उभी होती. खोटं कशाला बोलू, मीही हातातली यादी विसरून तिच्याकडे बघत राहिलो. दादासाहेब तर चप्पल काढायच्या बेतात होते.

"काहून विकता पण?" त्यांनी विचारलं.

"दादा, या भागातल्या रस्त्यायनं ही गाडी चालवता येते का?" बोरखडे म्हणाले. या भागातले रस्ते त्यांनीच केले होते. ते हे अगदी मनापासून, एखाद्या पीडित नागरिकासारखे म्हणाले.

मी बेचाळीस मुद्दे तपासले. इंजिनचा आवाज स्वच्छ, रंग एकसारखा, आसनं गरम होत नव्हती. बेचाळीसपैकी बेचाळीस. "उत्तम आहे," मी म्हणालो. दादासाहेबांनी फाईलकडे पाहिलं. मीही पाहिलं.

बोरखड्यांनी हात पुढे केला. "या चाचा, रुमाल काढा."

"ठैरो," चाचा म्हणाले. "पैले चाल पाहू द्या. गजू बेटा, सीधी चला. एकदम सीधी. त्या बाभळीपासून इथपर्यंत."

गजूने गाडी सरळ आणली. चाचा गाडीकडे बघतही नव्हते. गाडी गेल्यावर ते वाकून भुकटीत उमटलेला माग बघत उभे राहिले. मग म्हणाले, "आता जीप चलव. तशीच."

जीप गेली. चाचांनी मला बोलावलं. "सर, मोजा. जीपच्या रेघा किती?"

"दोन."

"अन् हिच्या?"

मी बघितलं. चार होत्या. डाव्या रेघेच्या शेजारी एक, आणि उजवीच्या शेजारी एक. दोन्ही एकाच बाजूला सरकलेल्या. मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागावरून चालत नव्हती. गाडी सरळ दिसत होती, पण तिरकी चालत होती.

"अच्छा बैल पुढच्या पायावर मागचा पाय ठेवते," चाचा म्हणाले. "ज्याची कंबर मोडून जुळली, त्याचा मागचा पाय बाहेर पडते. वरून हात फिरवला तर समजत नाई. मातीत समजते."

मी जीपमधून टेप आणली. डावीकडे पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर आणि उजवीकडचं अंतर यांत तीन बोटांचा फरक होता. बेचाळीस मुद्द्यांत हा मुद्दा नव्हता. पुस्तकात मात्र होता. मी तो दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवतो. सांगाडा वाकला की काय होतं, तर गाडी वेगात असताना एकदम ब्रेक मारला की ती स्वतःभोवती फिरते. गजूने माझा चेहरा पाहिला.

"ठोकली होती का?" मी बोरखड्यांना विचारलं.

"ठोकली नाई हो. पुलावरून उतरली थोडी."

"पुलाला कठडे नव्हते?"

"कठडे पुढच्या टेंडरात हायेत."

पूल कुणी बांधला, हे कुणीच विचारलं नाही. नूरचाचांनी खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला, चार घड्या केल्या आणि खिशात ठेवला. "दादा, मी हात नाई घालणार."

दादासाहेब गाडीभोवती एक चक्कर मारून आले. तिच्या दारात त्यांचं प्रतिबिंब दिसत होतं, आणि ते त्यांना आवडलेलं दिसत होतं. "चाचा, हा काय वखराले जुंपाचा बैल हाय का? समितीतले लोकं खाली वाकून रेघा पाहतीन का? लिहा सर रिपोर्ट."

फाईल बॉनेटवर उघडली गेली. एका बाजूला कोरा कागद, दुसऱ्या बाजूला माझा आदेश. गजू माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, मले एवढंच सांगा. मी बसू का हिच्यात?"

मला फार विचार करावा लागला, असं लिहिलं तर मोठेपणा होईल. लागला नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. मी आदेशातलं माझं नाव दोनदा वाचलं. मग लिहिलं, तेही मराठीत, म्हणजे नंतर कुणी समजलं नाही म्हणायला नको. तीन वाक्यं: "या गाडीचा सांगाडा अपघातात वाकलेला आहे. ती रस्त्यावर चालवणे धोक्याचे आहे. विद्यार्थ्यांना उघडून, भाग सुटे करून शिकवण्यासाठी ती उत्तम आहे." खाली सही.

दादासाहेबांनी वाचलं आणि मोठ्याने हसले. "वा सर! हुशार हां. पैले दोन वाक्यं खोडा, तिसरं ठेवा. तेच तर पाह्यजे."

"पेनाने लिहिलंय, साहेब."

"मंग पेनानंच खोडा."

मी पेनाला टोपण लावलं. दादासाहेबांनी फाईल स्वतःकडे ओढली. मग त्यांनी माझा आदेश फाईलमधून काढला, माझ्या देखत चार घड्या करून सदऱ्याच्या खिशात घातला, आणि बोरखड्यांशी उघड्यावर हात मिळवला. रुमालाशिवाय.

परतीची एसटी

दादासाहेब लाल गाडीत बसून गेले. गजूला चालवावीच लागली. मी माझ्या अहवालाची एक प्रत हाताने उतरवून जाताना त्याच्या हातात दिली. मूळ कागद दादासाहेबांच्या फाईलमध्येच राहिला. जीप त्यांनी मला न देता बोरखड्यांच्या आवारात ठेवली. मी आणि चाचा अचलपूरपर्यंत एसटीत बसलो. खिडकीची काच जागेवर नव्हती, त्यामुळे हवा भरपूर होती.

"इंजिनियर झाले तुमी," चाचा म्हणाले, "अन् तुमाले माग नाई दिसला."

"नाही दिसला."

"मले तुमची यादी नाई वाचता येत. हिसाब बराबर." मग ते म्हणाले, "दुसरा कोणी मास्तर सही करन."

"हो."

"मंग तुमी काहून नाई केली?"

मी गजूचं नाव सांगितलं. चाचांनी मान हलवली. अचलपूरला उतरताना त्यांनी कंडक्टरला ओरडून सांगितलं, "या सरांले नीट अमरावतीले सोड बावा, बिचारे बेकार होऊन राह्यले." अख्खी एसटी माझ्याकडे बघू लागली. एका बाईंनी मला बसायला खिडकीची जागा दिली.

पंधरा दिवसांनी पाठवलेलं पत्र असं:

प्रिय बाई,

सा. न.

आदेश मिळाला नाही. का, ते सोबतच्या प्रवासवर्णनाच्या कागदांवरून कळेल. अहवालाचीही एक नक्कल जोडली आहे. चाचा म्हणाले तसंच झालं, दुसऱ्या एका सरांनी नुसतं तिसरं वाक्य स्वच्छ अक्षरात लिहून सही केली. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्या घरी लग्न आहे.

गाडी प्रयोगशाळेच्या यादीत आहे आणि दादासाहेबांच्या दारात आहे. परवा समिती येऊन गेली. गजूने त्याची प्रत लायसन्सच्या पाकिटात ठेवली आहे आणि गाडी चाळीसच्या वर नेत नाही. दादासाहेब मागून ओरडत होते, तो म्हणाला, "सरांनी लिहून देल्लं हाय." चांदूरच्या पुढे त्यांना एका ट्रॅक्टरने मागे टाकलं. गावात पोहोचले तेव्हा समिती शेत बघून, चहा घेऊन, पुढच्या गावाला निघूनही गेली होती. लोक खुर्च्या आत नेत होते. दादासाहेबांना बघून एकाने एक खुर्ची परत बाहेर आणली म्हणतात.

बाई, हे सगळं मी हसत लिहितो आहे, पण एक काम कठीण आहे आणि ते तुमच्यावर टाकतो. मी कायम झालो असं बाबांनी गावात सांगून टाकलं आहे. मी फोन केला तर ते "बरं, बरं" म्हणतील आणि चार दिवस बाहेर पडणार नाहीत. तुम्ही संध्याकाळी घरी जाल का? मी नापास झालो असं सांगू नका, मोठं काही केलं असंही सांगू नका. झालं तेवढंच सांगा. त्यांना गाडीतलं कळत नाही, पण गजूला दोन मुली आहेत एवढं सांगितलं की कळेल.

आणि पुढे काय करणार म्हणून ते विचारतील. तर त्यांना सांगा, कॉलेज उघडलं आहे. सोमवारी नऊ वाजता दुसऱ्या वर्षाला माझा तास आहे, आणि तो अजून कुणी काढून घेतलेला नाही.

तुमचा,
सुधाकर